यंत्र कानात, ऐकणं घरात

खोली लहान आहे. खिडकीला जाड पडदा, भिंतींना स्पंजच्या लाद्या, जमिनीवर सतरंजी. पंखा बंद ठेवलाय. पुण्यातल्या एका थेरपी केंद्रात सव्वातीन वर्षांची एक मुलगी आईला टेकून बसली आहे. समोर लाकडी खुंट आणि रंगीत चकत्या. थेरपिस्ट (इथे सगळे त्यांना ताई म्हणतात) मुलीच्या उजव्या बाजूला, जराशा मागे बसल्या आहेत, म्हणजे त्यांचे ओठ तिला दिसत नाहीत. मुलीने एक लाल चकती गालाजवळ धरली आहे आणि ती वाट बघते आहे.

ताई साध्या आवाजात म्हणतात, "ऊऽ." चकती खुंटात. "आऽ." दुसरी चकती. "ईऽ." तिसरी. मग "म्ऽ". काही क्षण शांतता. मुलगी वळून आईच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधते. आई सतरंजीकडे बघत राहते. तसं करायचं तिला शिकवलेलं आहे. चकती खुंटात पडते. "श्ऽ"ला हात लगेच हलतो. शेवटचा "स्ऽ". हात हलत नाही. ताई पुन्हा म्हणतात. हात गालाशीच. ताई तिच्या कानामागचा प्रोसेसर काढून मायक्रोफोनवरची बारीक जाळी उजेडात धरतात आणि विचारतात, "घामाने ओलं झालं होतं का मशीन?" आई म्हणते, "काल यात्रेत होतो, दिवसभर."

जाळी बदलली जाते. परत "स्ऽ". चकती खुंटात पडते आणि मुलगी स्वतःच टाळ्या वाजवते.

या सहा आवाजांना लिंग यांची चाचणी म्हणतात. कॅनडात काम केलेले डॅनिएल लिंग यांनी ती बसवली. "म" आणि "ऊ" खालच्या पट्टीतले, "आ" मधला, "ई" दोन्हींकडे पाय ठेवून असलेला, "श" आणि "स" सर्वांत वरचे. माणसाच्या बोलण्यातला जवळजवळ सगळा टापू या सहांत येतो. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे थेट कानाच्या नसेला संदेश देणारं यंत्र, बसवलेल्या मुलाच्या घरी सकाळी दात घासल्यावर हे सहा आवाज म्हणून बघायचे असतात. एखादा चुकला तर यंत्रात बिघाड आहे, हे मूल सांगू शकत नसलं तरी त्याचा हात सांगतो.

'आवाज' या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा मला जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांबद्दल लिहावंसं वाटलं. त्यांच्यासाठी आवाज आपसूक आलेला नसतो. कुणीतरी रोज बसून तो त्यांच्यापर्यंत पोचवतं. ते कसं घडतं, हे मला बघायचं होतं.

थाळी वाजवली, मूल वळलं

केंद्राबाहेरच्या बाकावर आयांच्या गप्पा ऐकल्या की गोष्ट दर वेळी साधारण तशीच निघते. बाळ सहा-सात महिन्यांचं होतं, हाक मारली तरी बघत नव्हतं. आईला शंका आली. घरचे म्हणाले, बापही उशिराच बोलला होता. कुणी वेखंड उगाळून चाटवलं, कुणी नवस बोललं. मग आजीने पाठीमागून थाळी वाजवली आणि बाळ वळलं. झालं, ऐकू येतंय! त्या एका थाळीवर वर्ष-दीड वर्ष निघून गेलं.

थाळीची परीक्षा फसवी असते. अगदी कमी ऐकणाऱ्या मुलालाही एखादा दणदणीत ठोका कळू शकतो. नाहीतर जमिनीतून आलेला हादरा जाणवतो, पडलेली सावली दिसते. बोलणं ऐकू येण्याशी त्याचा संबंध नाही. खरी परीक्षा दोन यंत्रं करतात. पहिली ओएई: बाळ झोपलेलं असताना कानात छोटी बोंडी ठेवायची, आतला कान निरोगी असेल तर तो पाठवलेल्या आवाजाला स्वतः बारीकसा प्रतिसाद देतो आणि यंत्र तो पकडतं. काही मिनिटांचं काम, सुई नाही, भूल नाही. दुसरी बेरा: डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज कानाच्या नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का, ते बघायचं. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाला दुसरी तपासणी हवीच, कारण काही मुलांचा आतला कान प्रतिसाद देतो, पण नस संदेश नीट नेत नाही.

जगभरात हजार जन्मांमागे एक ते तीन बाळं लक्षणीय बहिरेपण घेऊन येतात. कारणं अनेक. गरोदरपणातला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मल्यावरची तीव्र कावीळ, मेंदुज्वर, काही औषधं, आणि मोठ्या संख्येने अनुवंश. भारतात कनेक्सिन २६ या प्रथिनाच्या जनुकातला दोष वारंवार सापडतो. तो आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल बहिरं होतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत ही शक्यता वाढते. बाकावरच्या जवळजवळ प्रत्येक सुनेने 'हिच्याच माहेरचं काहीतरी' हे वाक्य ऐकलेलं आहे. जनुकशास्त्र त्या वाक्याला काडीचा आधार देत नाही.

शंखात शिरलेली तार

आतला कान म्हणजे वाटाण्याएवढा एक शंख. अडीच वेढे, उलगडला तर लांबी साधारण ३५ मिलिमीटर. त्यात केसांसारख्या अग्रांच्या पेशींच्या रांगा असतात. शंखाच्या तोंडाशी उंच स्वर, टोकाशी खालचे स्वर, अशी त्यांची वाटणी असते. जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी बहुतेकांत याच पेशी निकामी असतात. त्यांच्यामागची नस मात्र जागेवर असते. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण मोठा आवाज घ्यायला पेशीच नसतील तर त्याचा उपयोग थोडाच. कॉक्लिअर इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे ठोके देतं.

कानामागे अडकवलेला प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे पट्ट्यांत तुकडे करतो. तिथून एक वायर डोक्याला लोहचुंबकाने चिकटलेल्या गोल कॉइलकडे जाते. कॉइल त्वचेच्या आरपार रेडिओलहरींनी संदेश आणि वीज दोन्ही पाठवते, म्हणून आतल्या भागाला बॅटरी लागत नाही. आतल्या भागातून निघालेली बारीक तार शंखात शिरलेली असते आणि तिच्यावर, बनावटीप्रमाणे, १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. निसर्गाने या कामासाठी साडेतीन हजारांच्या आसपास पेशी दिल्या होत्या. त्यांच्या जागी बावीस ठिपके. एवढ्यावर मूल मराठी शिकतं, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी १९६१ साली माणसाच्या कानात अशी तार बसवली. अनेक इलेक्ट्रोड असलेलं यंत्र ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली बसवलं. त्यांची अडचण अशी होती, की तार शंखाच्या वेढ्यांत खोलवर जातच नव्हती. समुद्रकिनारी सुट्टीवर असताना त्यांनी एका शंखात गवताचं पातं सारून पाहिलं. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचीक असलेलं पातं आतपर्यंत वळत गेलं. तार तशी करायची, हे तिथे ठरलं. आपल्याकडे मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव अग्रभागी आहे. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पालकांना हमखास पडणारा एक प्रश्न: मूल वाढेल तशी तार आखूड पडणार नाही का? नाही. माणसाचा हा शंख जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो.

स्विच ऑन

शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. त्यानंतर जखम भरेपर्यंत दोन ते चार आठवडे मूल पहिल्यासारखंच असतं. मग 'स्विच ऑन'चा दिवस येतो. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमुळे या दिवसाबद्दल फार गैरसमज झाला आहे. यंत्र सुरू झालं, मूल हसलं, आईला ओळखलं, असं त्यात दिसतं. मी पाहिलेला दोन वर्षांचा मुलगा आधी खेळणं हातात धरून गप्प झाला आणि मग भोकाड पसरून रडला. आजोबा घाबरले. ऑडिऑलॉजिस्टच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं: त्याला काहीतरी पोचलं होतं.

पोचलं ते काय, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्या दिवशी त्याचं ऐकण्याचं वय शून्य होतं. आईच्या पोटातलं बाळ सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू लागतं. डोहाळजेवणाची गाणी त्याच्या कानावर पडतात. ऐकू येणारं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या गाठीशी तीनेक महिन्यांचं ऐकणं असतं. हा मुलगा दोन वर्षांचा असूनही त्या बाबतीत त्याच्या मागे होता. म्हणून थेरपीच्या वहीत प्रत्येक मुलाची दोन वयं लिहितात, जन्मापासूनचं आणि स्विच ऑनपासूनचं. सव्वातीन वर्षांची ती चकतीवाली मुलगी ऐकण्याच्या हिशेबाने दहा महिन्यांची आहे. तिने 'दे', 'बाबा', 'नको' एवढं बोलावं, हे ठीक चाललं आहे. शेजारणीच्या तीन वर्षांच्या नातीशी तिची तुलना करायची नाही, हे ताई आजीला पुन्हा पुन्हा सांगतात.

पुढचे काही महिने मॅपिंगचे. प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज दिली की आवाज जेमतेम जाणवतो आणि किती दिली की तो मोठा पण सुसह्य वाटतो, या दोन मर्यादा मुलागणिक ठरवाव्या लागतात. मोठा माणूस सांगू शकतो. दीड वर्षाचं मूल सांगत नाही. त्याची पापणी हलते, चोखणं थांबतं, ते आईच्या पदराकडे सरकतं. अनुभवी ऑडिऑलॉजिस्ट यंत्राने मोजलेल्या नसेच्या प्रतिसादाबरोबर हेही वाचतो. वीज कमी पडली तर 'स' हरवतो, जास्त झाली तर मूल मशीन काढून फेकतं. फेकलेल्या मशीनला हट्ट समजून फटका देऊ नये, आधी मॅप तपासावा.

वहिवाट

डॉक्टर घाई का करतात? कान तर तसाच राहणार आहे. घाई मेंदूची असते. शेतातली पायवाट वहिवाट थांबली की गवताने बुजते आणि शेजारी हळूच बांध सरकवतो. मेंदूतल्या ऐकण्याच्या जागेचं तसंच होतं. आवाज पोचलाच नाही तर ती जागा रिकामी राहत नाही. नजर आणि स्पर्श तिच्यात शिरकाव करतात. संशोधक अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मुलांच्या मेंदूतला आवाजाचा पहिला प्रतिसाद किती वेळात उमटतो ते मोजलं. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत तो वेळ सहा-आठ महिन्यांत वयाला साजेसा झाला. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत तो तसा झाला नाही.

जगातले नियमही याच दिशेने सरकत गेले. अमेरिकेत १९९० साली दोन वर्षांवरच्या मुलांना परवानगी मिळाली, २००० साली एक वर्षाच्या, २०२० साली नऊ महिन्यांच्या. मेंदुज्वरानंतरच्या बहिरेपणात तर आणखी घाई, कारण शंखात हाड भरू लागतं आणि तारेला वाटच उरत नाही.

उशिरा आलेल्या मुलाला काहीच मिळत नाही असं मात्र नाही. दाराची बेल, मागून आलेली मोटारसायकल, स्वतःचं नाव, एवढं मिळालं तरी त्याचं आयुष्य सोपं होतं. फक्त पालकांना आधी खरं सांगायला हवं. सात वर्षांच्या मुलाला पाच लाखांचं यंत्र बसवून 'आता बोलेल' असं आश्वासन देणं हा गुन्हा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाजी निवडताना

आठवड्यातला एखादा तास थेरपी. उरलेले जागेपणीचे सगळे तास घर. ताई त्या एका तासात मुलापेक्षा आईला जास्त शिकवतात. कसं बसायचं: इम्प्लांटच्या बाजूला, हातभर अंतरावर. टीव्ही बंद, पंखा शक्यतो बंद, कुकरची शिटी होऊन जाऊ द्यायची. आधी कानाने, मग डोळ्याने: भेंडी पिशवीतून काढण्याआधी 'भेंडी' म्हणायचं, थांबायचं, मग दाखवायची, मग पुन्हा म्हणायचं. या सगळ्यात सर्वांत कठीण असतं ते थांबणं. आपण विचारतो आणि मूल गप्प राहिलं की आपणच उत्तर देऊन टाकतो. मुलाला आवाज ओळखून शब्द शोधायला वेळ लागतो. तेवढा वेळ तोंड मिटून, अपेक्षेने बघत राहायचं.

एका घरी मी हे पाहिलं. आजी मेथी निवडत होत्या. "काडी टोपलीत, पान परातीत," त्या सुरात म्हणत होत्या, 'काडी' आणि 'पान' लांबवून. समोर चार वर्षांचा नातू. त्यांनी एकदा मुद्दाम उलट सांगितलं, "काडी परातीत." पोराचा हात टोपलीवर थांबला, त्याने आजीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाय! काडी तोपलीत." पुस्तकात याला ओळखण्यापासून समजण्यापर्यंतचा टप्पा म्हणतात. आवाज आहे हे कळणं, दोन आवाज वेगळे आहेत हे कळणं, कोणता ते ओळखणं आणि शेवटी अर्थ लावणं, अशा चार पायऱ्या असतात. परातीपाशी तो चौथ्या पायरीवर होता. 'ट'चा 'त' होत होता, त्याची आजींना फिकीर नव्हती, ताईंनाही नव्हती. त्या वयाच्या ऐकू येणाऱ्या मुलांचंही तसंच होतं.

मराठीचे स्वतःचे काही पेच आहेत. 'काल' आणि 'काळ', 'पाट' आणि 'पाठ' यांतला फरक बावीस ठिपक्यांतून नेमका पकडणं अवघड. उलट 'जेवलास', 'गेलीस' यांतला शेवटचा 'स' अतितीव्र बहिरेपणात श्रवणयंत्रातून बहुधा पोचतच नाही, त्यामुळे मुलाच्या बोलण्यातही तो उगवत नाही. इम्प्लांटमधून तो पोचतो. गणपतीच्या आरतीत ही मुलं टाळ्यांचा ठेका अचूक धरतात. चाल मात्र त्यांना पुसट येते, कारण स्वरांचे बारीक चढउतार या यंत्राला नीट देता येत नाहीत. आणि गलक्यात सगळंच पुसट होतं. पत्र्याच्या छताची, पन्नास मुलांची शाळा, फळ्याकडे तोंड करून बोलणारे गुरुजी, अशा वर्गात इम्प्लांटवाल्या मुलाला पहिल्या बाकावर, यंत्राची बाजू शिक्षकांकडे करून बसवणं एवढं तरी कुठल्याही शाळेला फुकटात जमतं.

वायर तुटते तेव्हा

केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेत २०१४ साली लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ साली स्थापन झालेली, या कामाची समन्वयक आहे. जन्मजात बहिऱ्या मुलासाठी वयाची अट पाच वर्षांची आहे, आणि थाळीत गेलेलं वर्ष इथे नडतं. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. या वाटेने मजुरांची, ऊसतोड कामगारांची मुलं शस्त्रक्रियेपर्यंत पोचली आहेत. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी मनापासून नोंदवतो.

अडतं पुढे. कॉइलची वायर हा या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग. मूल ओढतं, चावतं, बारशाच्या पाळण्यात अडकवतं. हमीचा काळ संपला की वायर, कॉइल, बॅटऱ्या घरच्या खर्चाने. काही हजारांची वायर रोजंदारीवरच्या बापाला लगेच घेता येत नाही आणि मूल महिना-दोन महिने पुन्हा शांततेत जातं. कोकणात दमट हवेने मायक्रोफोन बसतो, म्हणून रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर वीज तयार होते, म्हणून बागेत ते काढून ठेवावं लागतं. प्रोसेसर दिवसातून किती तास चालू होता याची नोंद आत होते. ऑडिऑलॉजिस्ट ती पडद्यावर उघडतात आणि एखाद्या घराची सगळी कहाणी त्या आकड्यात दिसते. रोज दहा-बारा तास असेल तर भाषा येते. दोन तास असेल तर सहा लाख रुपये कपाटात पडले आहेत.

आणि थेरपिस्ट शहरात आहेत. तालुक्याहून येणाऱ्या आईचा एका तासाच्या थेरपीसाठी पूर्ण दिवस आणि एसटीचं भाडं जातं. व्हिडिओ कॉलवरच्या थेरपीने थोडं सोपं केलंय. तरी माझी मागणी साधी आहे: यंत्राइतकाच वायरीचा आणि थेरपीचा खर्च पहिली पाच वर्षं सरकारने धरावा, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या केंद्रात मुलांची थेरपी जाणणारी व्यक्ती कायम नेमावी.

हातांची भाषा

बहिऱ्या समाजातल्या अनेकांचा या यंत्राला आक्षेप आहे. बहिरेपण म्हणजे दुरुस्त करण्याचा बिघाड नव्हे, आमची भाषा हातांची आहे, असं ते म्हणतात. तो आक्षेप मी गंभीरपणे घेतो. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण व्याकरण असलेली भाषा आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सांकेतिक भाषेची दखल घेतली आहे. पण नव्वद टक्क्यांहून अधिक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, ज्यांना ती भाषा येत नाही. इम्प्लांट कुणाला जमतं, कुणाला कमी पडतं. कमी पडलेल्या मुलाला केवळ 'बोलायचंच' या हट्टापायी हातांची भाषाही न देणं, म्हणजे त्याला कुठलीच भाषा न देणं. पाच वर्षांचं मूल भाषेविना राहिलं, तर त्याचा दोष ना कानाचा, ना यंत्राचा.

तुमच्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी बाळंतपण असेल तर दवाखान्यातून निघण्याआधी एकच प्रश्न विचारा: बाळाची ओएई झाली का? झाली नसेल तर महिन्याच्या आत करून घ्या आणि निकालाचा कागद जपून ठेवा. पहिल्यांदा प्रतिसाद आला नाही तर घाबरू नका, कानात ओल असली तरी तसं होतं, पुन्हा करा. दुसऱ्यांदाही आला नाही तर तीन महिन्यांच्या आत बेरा आणि सहा महिन्यांच्या आत उपचार. आणि कुणाचं मूल हाकेला वळत नसेल तर 'बोलेल हळूहळू' असं त्या आईला सांगू नका. तिला जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राचा पत्ता द्या, जमलं तर सोबत जा.